पोचलं का ते सांगा

आमच्या ऑफिसात ‘पाठवलं’ या शब्दाला बंदी होती. चुकून कुणाच्या तोंडून ‘कराडला फ्लॉपी पाठवलीय’ असं गेलं, की मेजर खुर्चीतून अर्धवट उठत आणि म्हणत, “तू पाठवलीस ते मला कशाला सांगतीस? पोचली का? कुणाच्या हातात पोचली? त्येनं मशिनीत घातली का? आन् काय दिसलं त्येला?” एवढ्या प्रश्नांची उत्तरं नसतील, तर फ्लॉपी अजून आपल्या टेबलावरच पडलीय असं ते धरून चालत. मग आम्ही निमूटपणे खाली एसटीडी बूथवर जायचो आणि कराडच्या माणसाकडून त्याच्या पडद्यावरची पहिली ओळ वाचून घ्यायचो.

ते खरे मेजर नव्हते. आमच्याकडे फौजेतून जो कुणी परत येतो त्याला सगळे मेजरच म्हणतात. तेव्हा त्यांनाही म्हणत. मलकापूरजवळच्या एका गावात भावांची उसाची शेती होती, पण त्यांचं आयुष्य गेलं होतं सिग्नल्समध्ये, निरोप देण्याघेण्यात. तिथला नियम असा, की ज्याला निरोप मिळाला त्यानं तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा. तेव्हा कुठे तो पोचला. निवृत्तीनंतर ते सासुरवाडीला, म्हणजे सांगलीला आले. मेव्हण्यांच्या भागीदारीत एका कापड दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचं ऑफिस काढलं, आणि तो नियम जसाच्या तसा आमच्या डोक्यावर आणून ठेवला.

मी डिप्लोमा करून तिथे लागले तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हाताखालच्या सगळ्यांना ते ‘ऑपरेटर’ म्हणत. मला वाटलं, मी प्रोग्रॅमर आहे हे यांच्या लक्षात आलेलं नाही, म्हणून एकदा सांगून बघितलं. ते म्हणाले, “ऑपरेटर म्हंजे लय मोठा माणूस. त्येच्यावर पलटण जगती.” त्यानंतर मी तक्रार केली नाही.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायची तेव्हा रीत होती. मेजर बूट काढत आणि त्याऐवजी लोकरीचे जाड मोजे चढवत, अगदी मे महिन्यातसुद्धा. फ्लॉप्या धुळीनं खराब होतात म्हणून त्या ते स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घालून नेत. डबे दोन, दिसायला सारखे. एकदा ते गावोगावचं दूध थंड करून ठेवतात त्या शीतकरण केंद्रावर गेले आणि तिथल्या माणसाच्या हातात मोठ्या विश्वासानं डबा दिला. त्यानं उघडला तर आत भाकरी आणि वांग्याची भाजी. दुपारी फ्लॉप्यांचा डबा घरी सापडला. काकींनी, म्हणजे मेजरांच्या बायकोनं, त्यानंतर एका डब्यावर त्यांना न विचारता लाल रंग फासला. काकीही काही कमी नव्हत्या. “चहा पाठवू का?” असं त्या मुद्दाम जिन्यावरून ओरडून विचारत, आणि मेजर आतून “पोचव!” म्हणाले की आम्ही सगळ्या हसायचो.

माझ्या वडिलांना मुलीनं नोकरीसाठी गावोगाव फिरणं पसंत नव्हतं. मेजर आमच्या घरी आले, खुर्चीच्या कडेवर ताठ बसले आणि म्हणाले, “मुक्काम पडंल तवा माझी बायको संगं आसंल. एरवी पोरगी दिवस मावळायच्या आत घरात. काय पोचलं, सांगा.” माझे वडील शाळामास्तर. त्यांना जन्मात कुणी धडा म्हणून दाखवायला सांगितलं नव्हतं. पण त्यांनी म्हणून दाखवला, आणि मला वाटतं, म्हणता म्हणता त्यांना ते पटलंही.

आमचं काम दुधाचं होतं. गावोगावच्या दूध संस्था सकाळ-संध्याकाळ जे दूध घेत, त्याचे आकडे आमच्याकडे कॉम्प्युटरवर चढत. ते दूध ट्रकनं शीतकरण केंद्रावर जाई; तिथलं सॉफ्टवेअर साताऱ्याच्या एका फर्मचं. केंद्रावरून टँकर मोठ्या डेअरीत जाई. तिथलं सॉफ्टवेअर मिरजेच्या एका दाढीवाल्या गृहस्थाचं. दूध एकच, पण तिघांच्या फाइली तीन तऱ्हेच्या. आमच्या फाइलीत आधी लिटर आणि मग फॅट. साताऱ्याच्या फाइलीत आधी फॅट आणि मग लिटर. एकदा डेअरीतल्या मिरजेच्या सॉफ्टवेअरनं आमची फाइल साताऱ्याची समजून वाचली, आणि आमच्या भागातल्या एका भरल्या गावाचं दूध साडेसहा लिटर दाखवलं आणि फॅट असं दाखवलं, की ते लोणीच असायला हवं होतं. एरवी प्रत्येक ठिकाणी एकाचा छापील कागद बघून दुसरा पुन्हा टाइप करत बसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना चालत होतं, कारण आपली फाइल दुसऱ्याला वाचता आली नाही, तर गिऱ्हाईक आपल्याकडेच राहतं असा हिशेब होता.

मेजरांना मात्र ते चालत नव्हतं. त्यांनी एक आराखडा लिहायला घेतला: दुधाची फाइल कुणीही बनवो, कुठल्या रकान्यात काय असेल, कुठल्या क्रमानं असेल, ज्याला मिळाली त्यानं ती कशी तपासायची. लिहायचे ते, टाइप करायची मी, आणि दुसऱ्या दिवशी खोडायचे परत ते. शेवटी एक रकाना मोकळा होता. त्यावर नाव होतं ‘राखीव’. मी विचारलं, इथे काय भरायचं? “म्हाईत न्हाई,” ते म्हणाले. “आपल्याला जे सुचलं न्हाई, त्येच्यासाठी हाय ती जागा.”

त्यांचे मेव्हणे, जे धंद्याचं बघत, ते म्हणायचे, “दाजी, हे पूर्ण करा. पण द्यायचं कुणाला नाही. विकायचं.” मेजर हं म्हणत आणि पुढचं पान लिहायला घेत.

अशात शालनताईंचं प्रकरण झालं.

शालनताई म्हसवडच्या पलीकडच्या एका गावातल्या बायकांच्या दूध संस्थेच्या सचिव. नवरा फौजेत, घरी सासू, दोन म्हशी, आणि अंगात उरक इतका की ती संस्था त्यांनी घराघरांतून बायकांना गोळा करून उभी केली होती. गावची यात्रा झाली, आणि पाठोपाठ डेअरीचं पत्र आलं: यात्रेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही लिहिलेल्या दुधापेक्षा केंद्रावर बरंच कमी पोचलं आहे, खुलासा करा. गावात तर खुलाशाची वाट कुणी बघितलीच नाही. यात्रेत चहाची हॉटेलं लागली होती. बाईनं बायकांचं दूध परस्पर हॉटेलवाल्यांना घातलं, असं पारावर ठरूनही गेलं. डेअरीचा विचार संस्था बंद करून दूध शेजारच्या पुरुषांच्या संस्थेला जोडायचा होता.

शालनताई सांगलीला आमच्या ऑफिसात आल्या. रडल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, “आवं मेजर, तुमच्या मशिनीनं मला चोर केलं. आता मशिनीलाच इचारा, मी दूध कवा चोरलं.”

आम्ही आमची फाइल तपासली. चूक नव्हती. साताऱ्याहून केंद्राचा छापील कागद मागवला. त्यांचीही बेरीज बरोबर होती. मेव्हणे म्हणाले, म्हणजे बाईच खोटी. मेजर त्यांच्याकडे बघून म्हणाले, “कागदं बघून काय कळंना झालंय. आता दुधासंगट जायचं.”

ही त्यांची कामाची पद्धत. फाइल समजत नसेल तर ज्याची फाइल आहे त्याच्याबरोबर चालायचं. काकींना आणि मला घेऊन ते त्या गावी गेले. संध्याकाळी संस्थेच्या ओट्यावर बायका किटल्या घेऊन आल्या, शालनताईंनी मापं घेतली, कॅन भरले, ट्रक आला. मेजर, साठीच्या घरातला माणूस, मागे कॅनांच्या मधे जाऊन बसले. ड्रायव्हर म्हणाला, पुढं या की केबिनमधी. ते म्हणाले, “दूध जिथं बसलंय तिथं मी बसतो.” ट्रक धुरळा उडवत गेला. काकी आणि मी शालनताईंच्या घरी राहिलो. काकी म्हणाल्या, “आता उद्या ह्यांच्या अंगाला आंबूस वास येणार बघ.”

सकाळी रिकाम्या कॅनांच्या ट्रकमधून ते उतरले. वास येतच होता. शालनताई चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. मेजर उंबऱ्यावर टेकले आणि विचारलं, “ताई, काल सांजच्याला घेतलेल्या दुधाची तारीख काय?”

“कालचीच की.”

“केंद्रावरचा म्हणतोय, आजची.”

शालनताईंचा हात थांबला. मला समजायला थोडा वेळ लागला. गावात सकाळी धार निघाली की दिवस सुरू, आणि त्याच दिवसाची संध्याकाळ झाली की तो संपला. पण केंद्रावर संध्याकाळचं दूध पोचायचं अंधार पडल्यावर. टँकर निघायचा दुसऱ्या दिवशी सकाळी, ते दूध आणि सकाळचं ताजं दूध एकत्र घेऊन. म्हणून केंद्राचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. रोज दूध सारखंच असल्यामुळे हा फरक कुणाला दिसला नव्हता. पण यात्रेच्या दिवशी घरोघर पाहुणे, त्या संध्याकाळी बायकांनी दूध घरीच ठेवलं. ती रिकामी संध्याकाळ गावानं यात्रेच्या तारखेला लिहिली आणि केंद्रानं दुसऱ्या दिवशीच्या. त्यामुळे यात्रेच्या तारखेला केंद्रावर दूध जास्त दिसत होतं आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच कमी. आणि डेअरीचा कॉम्प्युटर फक्त घट छापायचा. वाढ छापावी असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

“म्हंजे मी चोर न्हाई,” शालनताई म्हणाल्या.

“तू बी न्हाईस, केंद्रावरचा बी न्हाई,” मेजर म्हणाले. “आता भाकरी दे.”

मला वाटलं, मिटलं. पण डेअरीचे साहेब काही वाईट नव्हते, फक्त ते साहेब होते. ते म्हणाले, तुमचं सॉफ्टवेअर तुमचीच बाजू मांडणार. साताऱ्याचे आणि मिरजेचे दोघेही लेखी देतील, की आमच्या तारखा एकमेकांशी ताडून बघणं चूक आहे आणि पुढे कसं लिहायचं ते आमचं ठरलं आहे, तर मी संचालकांसमोर ठेवतो. नाहीतर पुढच्या बैठकीत संस्था बंद. आता जे आपल्याला नमस्कारही करत नव्हते अशा दोन फर्मच्या हातात शालनताईंची अब्रू होती.

मेजरांनी बैठक औंधला ठेवली. सांगलीत ठेवली तर सातारकर येणार नाहीत, साताऱ्यात ठेवली तर मिरजकर रुसणार. औंधात एका शाळेचा वर्ग मागून घेतला. पण बैठकीआधी सगळ्यांना यमाईच्या दर्शनाला नेलं, डोंगरावर, पायऱ्या चढून. साताऱ्याचे मालक सफारी सूटमध्ये होते, घामानं निथळले. मी हळूच विचारलं, दर्शन नंतर घेतलं असतं तर? मेजर म्हणाले, “दमलेला माणूस कमी भांडतो.” हे काही खरं ठरलं नाही.

भांडण झालं ते दिवसावरून. सफारीवाले म्हणाले, दिवस रात्री बारा वाजता बदलतो, यात चर्चा कसली, कॉम्प्युटरचं घड्याळ बघा. दाढीवाले म्हणाले, घड्याळाला दूध समजत नाही. टँकर फाटकातून निघाला की एक दिवस संपला. आमचे मेव्हणे म्हणाले, संस्था म्हणेल तो दिवस. चहा झाला, जेवण झालं, पुन्हा चहा झाला. ज्या टेबलाभोवती आम्ही बसलो होतो त्याचा एक पाय आखूड होता, आणि कुणीही मुद्दा मांडताना कोपर टेकवलं की सगळ्यांचे पेले हिंदकळत. शालनताई मागच्या बाकावर बसल्या होत्या, मेजरांनीच त्यांना बोलावून आणलं होतं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत, नुसत्या ज्याचं बोलणं चालू असेल त्याच्याकडे बघत होत्या.

शेवटी मेजर म्हणाले, “दिवस लिहायचाच कशाला?”

सफारीवाल्यांनी उचललेला पेला परत खाली ठेवला.

“ज्या तारखंला धार काढली ती तारीख, आन् सकाळ का संध्याकाळ, येवढंच लिहा. बेरीज करून पाठवूच नका. ज्येला जसा दिवस पायजे तशी त्येनं बेरीज आपल्या घरात करावी. दिवस ज्येचा त्येचा ऱ्हाऊ द्या. धार सगळ्यांची येकच हाय.”

दाढीवाल्यांनी आपल्या कागदावर काहीतरी आकडे मांडून बघितले आणि मान हलवली. सफारीवाल्यांनीही बघितले. त्यांना पटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि त्याचाच त्यांना राग आला होता. त्यांनी आमचा आराखडा पुढे ओढला. वरच्या पानावर मेव्हण्यांनी मोठ्या अक्षरांत आमच्या फर्मचं नाव आणि ‘सर्व हक्क राखीव’ असं माझ्याकडून टाइप करून घेतलं होतं. सफारीवाले म्हणाले, “मेजर, डोकं चांगलंय. पण हे तुमचं. उद्या तुम्ही यात काय बदल कराल ते आम्ही मुकाट्यानं ऐकायचं. त्यापेक्षा आमचं आहे ते बरं. मी सही देणार नाही.” आणि ते बॅग आवरू लागले.

मी मागे वळून शालनताईंकडे बघितलं. त्यांनी पदर घट्ट आवळून धरला होता.

मेजरांनी आराखड्याचं वरचं पान सोडवलं. त्याची घडी घातली, आणखी एक घातली, खाली वाकले आणि ती टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. मग तळव्यानं टेबल दाबून बघितलं.

“हां. आता हालत न्हाई,” ते म्हणाले. “बसा. ह्यो आता कुणाचाच न्हाई. तुमी पण बदला, आमी पण बदलू, पर तिघांनी बसून. कुणी चौथा आला तर त्येला बी द्यायचा, फुकट.”

मेव्हणे उठून बाहेर व्हरांड्यात गेले. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या ऑफिसची दोन वर्षांची मेहनत त्या टेबलाखाली गेली होती. सफारीवाले काही वेळ बॅगेवर हात ठेवून उभे राहिले. मग बसले. त्यांनी विचारलं, “मग याच्यावर नाव कुणाचं?”

“कुणाचं न्हाई. लोकांस्नी म्हाईतच नसावं कुणी केलं ते. उद्या कुणाला इचारलं, ह्ये आसं का, आन् तो म्हणाला, ‘काय म्हाईत, आसंच आसतंय’, की समजायचं, पोचलं.”

सह्या त्याच टेबलावर झाल्या. सह्या झाल्यावर मेजर शालनताईंना म्हणाले, “काय ठरलं, सांग बघू.” त्यांनी उभं राहून सगळं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, सफारीवाल्यांच्या घड्याळासकट. तेव्हा सफारीवालेही हसले.

संस्था बंद झाली नाही. डेअरीनं पत्र मागे घेतलं, आणि साहेबांनी ते स्वतः गावात जाऊन बायकांसमोर वाचून दाखवलं, कारण मेजरांनी त्यांना सांगितलं होतं की पत्र पाठवून भागायचं नाही. काही दिवसांनी शालनताई म्हैस व्याली म्हणून खरवस घेऊन सांगलीला आल्या. ट्रकवाल्याबरोबर द्यायचा होता की, असं काकी म्हणाल्या, तर शालनताई म्हणाल्या, “पाठवला आसता तर ह्येंनी खाल्लाच नसता.”

आमच्या धंद्याचं मात्र मेव्हणे म्हणत होते तसंच झालं. आराखडा सगळ्यांना मोकळा झाल्यावर कराडात, विट्यात नव्या पोरांनी दुधाची सॉफ्टवेअरं काढली, आणि आमची काही गिऱ्हाइकं त्यांच्याकडे गेली. मेव्हणे बरेच महिने मेजरांशी बोलत नव्हते. निरोप काकींमार्फत द्यायचे, आणि मेजर ते पोचले म्हणून काकींनाच म्हणून दाखवायचे. त्या नव्या पोरांतला कुणी अडला की मेजर त्याला ऑफिसात बोलावून शिकवत. आम्ही चिडायचो. ते म्हणत, “त्येची फाइल बिघडली तर शेवटी दूध कुणाचं नासणार?”

पुढे मी पुण्याला गेले. याच कामात राहिले. कारखान्यांच्या, बँकांच्या, दवाखान्यांच्या फाइली एकमेकांना कशा समजाव्यात ते ठरवणाऱ्या समित्यांवर बसले. तिथे सगळे टायवाले, टेबलं न हलणारी. पण वाद तेच, आपलं नाव वर कसं राहील याचे. प्रत्येक वेळी मी मोकळा रकाना मागून घ्यायची, आणि प्रत्येक वेळी बेरजेऐवजी मूळ नोंद पाठवा म्हणून भांडायची. लोक म्हणत, बाईंचा अनुभव दांडगा आहे. मी कुणाला सांगितलं नाही, पण त्यातलं माझं फारच थोडं होतं. मला जे काही येतं ते मोजे घालून बसणाऱ्या एका माणसानं दिलं, आणि त्याबद्दल कधी काही मागितलं नाही. मेजर गेले तेव्हा मी परदेशी होते, मला यायला जमलं नाही. त्यांचे आभार मी कधी तोंडानं मानले होते का, हेही आठवत नाही. मानले असते तर त्यांनी म्हटलं असतं, परत सांग.

मागच्या थंडीत आईला घेऊन औंधला गेले होते. उतरताना संध्याकाळ झाली, रस्त्याकडेच्या एका गावात चहाला थांबलो. शेजारीच दूध संस्था, किटल्यांची रांग. सचिव म्हणून एक तरुण बाई कॉम्प्युटरपुढे बसली होती. मला राहवेना, मी आत जाऊन पडद्याकडे बघितलं. तारीख, मग सकाळ किंवा संध्याकाळ, मग लिटर, मग फॅट. क्रम तोच. कुठेही बेरीज नाही. आणि सगळ्यात शेवटच्या रकान्यात, जो आम्ही मोकळा सोडला होता, कालच्या प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर होतं: ‘पो’.

“हे काय असतं?” मी विचारलं.

“पोचल्याची खूण, मॅडम. केंद्रावर दूध मिळालं की तिकडनं उलट येती. ती आल्याबिगर आमी दूध गेलं म्हणत न्हाई.”

“कुणी केलं हे?”

तिनं मान वर केली. असला प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा.

“काय म्हाईत,” ती म्हणाली. “आसंच आसतंय.”

पाठीमागे कुणीतरी किटली आपटत होतं, माझ्यामुळे रांग अडली होती. मला बाजूला व्हायला हवं होतं. पण मी तिला म्हटलं, “परत सांग.”

तिनं परत सांगितलं.